मिस्त्रींचा उजवा कान

मी मिस्त्रींच्या उजव्या कानातलं मशीन बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. ऐकायचं, ऐकलेलं मोठं करायचं आणि पुढे पोचवायचं, एवढंच माझं काम. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं पोचवत आलो. आज एकदा स्वतःचं बोलून घेतो.

मी शेंगदाण्याएवढा आहे. कानामागे बसतो आणि एका बारीक नळीतून आत बोलतो. माझ्या पोटाशी सेलचं इवलंसं दार आहे. ते मिटलं की मी जागा, उघडलं की मेलेला. दार उघडं असताना जगात काय घडतं ते मला कळत नाही. म्हणून या हकिकतीतल्या काही गोष्टी मला नंतर इतरांच्या तोंडून ऐकाव्या लागल्या.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड खोलीत झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईनं माझ्या तारा जोडल्या आणि दार मिटलं. मी ऐकलेला पहिला आवाज म्हणजे तिची शिंक. त्यानंतर बरेच दिवस डबीत, अंधारात गेले. दार पुन्हा मिटलं तेव्हा मी मिस्त्रींच्या कानावर होतो.

मिस्त्री पत्र्याच्या कारखान्यातले. अठ्ठावीस वर्षं कपाटं, पेट्या आणि हवेचे लांब नळ करण्यात गेलेली. दिवसभर पत्रा आपटायचा, घण पडायचा, आणि त्या आवाजानं त्यांचे कान हळूहळू खाल्ले. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दाराची बेल गेली, मग बायकोचा आवाज गेला. शेवटचं गेलेलं लवकर लक्षातच आलं नाही, असं ते स्वतः हसत सांगायचे.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवते. तिनंच त्यांना ओढत त्या दवाखान्यात आणलं होतं. मला बसवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना ती 'कानवाल्या बाई' म्हणते. दार मिटताच ती म्हणाली, "अहो, येतंय का ऐकू?"

मिस्त्री दचकले. "ओरडतेस कशाला?"

ती ओरडली नव्हती. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ती साध्या आवाजात बोलली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

पहिला आठवडा मजेत गेला. फ्रिज गुरगुरतो हे मिस्त्रींना नव्यानं कळलं. आपल्या चपला फरफटतात हेही कळलं. पण कान परत आले की नको तेही कानी पडतं. कारखान्यात चहाच्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रींचा सकाळचा डोस झालेला दिसतोय." दोघं हसले. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांच्या कानाची पाळी गरम झालेली मला लागली. तोवर त्यांना वाटत होतं, की आपल्याला ऐकू येत नाही तसं लोकांना दिसतही नसेल, वासही येत नसेल.

हो, मिस्त्री पीत होते. आधी संध्याकाळी, कामाचा शीण म्हणून. मग दुपारी, संध्याकाळ लांब म्हणून. आणि पिण्याआधी ते एक गोष्ट न चुकता करायचे. बोटाच्या नखानं माझं दार उघडायचे. टिक. बायकोचं "अहो, आज नको ना" यातलं 'नको' बहुतेक वेळा माझ्यापर्यंत यायचंच नाही. लोक कानावर हात ठेवतात, मिस्त्रींना एक नख पुरायचं.

त्या मंगळवारीही तसंच झालं. दुपारच्या जेवणानंतर कारखान्यामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला त्यांनी पिशवी उघडली. टिक.

दार पुन्हा मिटलं तेव्हा पहिला आवाज आला तो कुणीतरी पळत येत असल्याचा. "बर्फ आणा! फडकं आणा!" मग लंबूचा आवाज. लंबू हा मिस्त्रींचा बारा वर्षांचा जोडीदार. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. पत्रा वाकवायच्या मोठ्या मशीनवर समोरून पत्रा धरायचा तो, आणि पायानं पेडल दाबायचे मिस्त्री. लंबूनं "हां" असं ओरडल्याशिवाय पेडल दाबायचं नाही, असा बारा वर्षांचा नेम.

"'थांब' म्हणून ओरडलो होतो रे मी," लंबू पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता. "ओरडलो होतो."

त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये राहिली होती.

मालक धावत आले. "मिस्त्री, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

मिस्त्रींचा हात माझ्याकडे आला. त्यांनी मला कानावर चाचपलं. म्हणाले, "मशीन बंद पडलं. अचानक."

मी तिथंच होतो. धडधाकट होतो. पण मला कुठलं तोंड!

सगळ्यांनी ते मानलं. लंबूनंसुद्धा मानलं. दवाखान्यात न्यायच्या गाडीत बसताना तो मिस्त्रींनाच धीर देत होता, "तुझा काय दोष? यंत्र ते." मिस्त्रींनी मान खाली घातली.

शुक्रवारी बायको मला दुरुस्तीला घेऊन गेली. मिस्त्री नको नको म्हणत मागोमाग आले. कानवाल्या बाईंनी मला तारेनं कॉम्प्युटरला जोडलं, तपासलं, पुन्हा तपासलं.

"यात काही बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "मशीन ठणठणीत आहे."

"पण मंगळवारी बंद पडलं होतं," बायको म्हणाली. "त्यामुळे एका माणसाची बोटं गेली."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "रोज किती वेळ चालू असतं, याची नोंद हे ठेवतं. सरासरी दिवसाला चार तास. एवढाच वेळ का घालता, काका? झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचं असतं."

बायकोनं बोटांवर काहीतरी मोजलं. बाकीचे तास कुठे जातात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग तिनं मला उचललं, दार मिटलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या कानावर बसवलं.

घरी येऊन तिनं शिलाई मशीनवरचे कपडे बाजूला सारले आणि समोर बसली.

"मंगळवारी हे कुठे होतं?"

"खिशात."

"लंबूभावजी ओरडले तेव्हा?"

"खिशातच."

ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. म्हणाली, "मी इतकी वर्षं ओरडून बोलले. आता ओरडणार नाही. यापुढे हळूच बोलेन. ऐकायचं असेल तर ऐका. नाहीतर मी बहिणीकडे जाते, तुम्ही बसा एकटे, शांततेत."

मिस्त्रींचा हात वर आला, माझ्यापाशी येऊन थांबला. मी दार उघडण्याची वाट बघत राहिलो. हात परत खाली गेला.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्याच दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, बजावलं की इतक्या वर्षांची सवय एकदम आपल्या मनानं तोडायची नाही, अंगाशी येतं. त्यांनी गोळ्या दिल्या, रोज येऊन दाखवायला सांगितलं, आणि एका चिठ्ठीवर नंबर लिहिला. "गोळ्या शरीराचं बघतील. बाकीच्यासाठी माणसं लागतात. गावातच एक गट आहे, दारू सोडलेल्यांचा आणि सोडू पाहणाऱ्यांचा. फोन करा."

तो आठवडा घाम आणि कंप यात गेला. बुधवारी त्यांनी फोन लावला. बायको म्हणाली, "मी बोलू?" तर, "माझं मी विचारतो."

फोन कानाला लावला की मी शिट्टी मारतो. ती माझी खोड आहे, इलाज नाही. शिट्टीतून पलीकडचा आवाज तुटक येत होता. मिस्त्रींना ऐकू आलं ते असं: गुरुवारी, सहा वाजता, रुग्णालयाच्या मागे.

पलीकडचा माणूस म्हणाला होता ग्रंथालयाच्या मागे. चूक माझी. शब्दाचं शेपूट मी नीट पोचवलं, तोंड मात्र वाटेत हरवलं.

गुरुवारी बायको म्हणाली, "मी येते बरोबर."

"हाताला धरून शाळेत नेतेस काय?" म्हणून ते एकटेच निघाले. तिनं टेबलावर माझे नवे सेल काढून ठेवले होते, ते तिथंच राहिले.

रुग्णालयाच्या मागे दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. पलीकडे एक बंद दार, आणि दाराशी स्टुलावर एक कर्मचारी बसलेला.

"मीटिंग इथंच का?" मिस्त्रींनी विचारलं.

"कसली मीटिंग?"

"अशीच. माणसं बसून बोलतात ती."

त्यानं दारावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, शवागार. "इथं आलेली माणसं बोलत नाहीत, काका."

मिस्त्री मागच्या फाटकातून बाहेर पडले. सहाला वीस मिनिटं कमी होती. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे जाळीचं एक दुकान. जाळीला हात जाईल एवढी खिडकी. मला आत बाटल्या एकमेकींना लागल्याचा आवाज आला. म्हणजे मिस्त्रींनाही आला. वीस पावलं. फार तर बावीस.

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तोंडानं घेत होते. गेलो होतो, पण जागाच सापडली नाही, असं घरी सांगता आलं असतं. आणि ते खोटंही नव्हतं! हात वर आला. नख माझ्या दारावर टेकलं.

नेमकी तेव्हाच माझी वेळ आली. सेल संपत आला की मी तीनदा टिंग करतो. टिंग, टिंग, टिंग.

मिस्त्री थबकले. "आता तूही चाललास?" ते मला म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलले होते.

सेल संपल्यावर फोनवर काही कळणार नाही आणि कुणाला रस्ताही विचारता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. नख तसंच दारावर होतं. मग त्याच हातानं त्यांनी खिशातून फोन काढला, कालचाच नंबर लावला आणि मी शिट्टी मारू नये म्हणून तो कानापासून जरा दूर धरला.

"कुठे पोचलात?" पलीकडून आवाज.

"रुग्णालयाच्या मागे. शवागारापाशी."

"अहो, तिथं एवढ्यात कशाला? ग्रंथालय म्हणालो मी, ग्रंथालय! पुस्तकांचं! थांबा तिथंच, मी येतो. दहा मिनिटं."

मिस्त्रींनी रस्त्यापलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "समोर दुकान आहे."

"कसलं?"

"तसलंच."

पलीकडे सायकलचं स्टँड खाडकन वर गेल्याचा आवाज. "मग फोन ठेवू नका. मी पोस्टमन होतो, पस्तीस वर्षं. माणसं शोधून काढणं हेच माझं काम. आता सायकलवर बसलोय. एका हातानं चालवतोय, पडलो तर पाप तुम्हाला. ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"ग्रंथालयाच्या फाटकातून बाहेर पडलो. उजवीकडे कुलपांचं दुकान. त्याच्या मालकाला स्वतःच्याच घराची किल्ली सापडत नाही. तुम्ही काय काम करता?"

"पत्र्याचं."

"पत्रपेट्या करता का?"

"केल्यात."

"मग निम्म्या गावाची पत्रं मी तुमच्याच डब्यांत टाकली असतील. इस्त्रीवाल्यापाशी आलो. आता चढ आहे, दम लागतोय, तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. पाय कुठे आहेत तुमचे?"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. "फुटपाथच्या कडेला."

"एक पाऊल मागे घ्या."

त्यांनी घेतलं. मी पुन्हा तीनदा वाजलो. दुकानाच्या खिडकीशी कुणीतरी सुट्ट्यांसाठी हुज्जत घालत होतं. पलीकडे धापा, घंटी, कुत्र्याचं भुंकणं, "हाड्!" आणि पुन्हा धापा. "शाळा मागे पडली… औषधाचं दुकान… चादरी दिसल्या… उंच आहात का तुम्ही? निळा शर्ट?"

"निळाच."

"मग फोन ठेवा आता, बिल वाढतंय," हा शेवटचा आवाज फोनमधून आणि समोरून, दोन्हीकडून आला.

पोस्टमन किडकिडीत होते. घामानं निथळत होते. दोघं सायकल हातात धरून चालत गेले.

ग्रंथालयाच्या मागची खोली जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी निम्मी भरलेली होती. उरलेल्या निम्म्यात नऊ खुर्च्या. डोक्यावर खडखडणारा पंखा. पंखा हा माझा वैरी. माणसांचे शब्द त्याखाली भरडले जातात. मिस्त्री मान पुढे काढून एकेकाच्या ओठांकडे बघत होते आणि समजल्यासारखी मान हलवत होते. ती त्यांची जुनी सवय.

एका शिक्षिकेनं ते ओळखलं. "पंखा बंद करू का? यांना ऐकू येत नाहीये." कुणीतरी उठून बटण दाबलं. बाहेर उकाड्यानं जीव जात होता. नऊ माणसं तासभर घाम पुसत बसली, पण पुन्हा बटणाकडे कुणाचा हात गेला नाही.

शिक्षिका सांगत होत्या. शाळेत पाण्याच्या बाटलीत त्या काय भरून न्यायच्या, पेपर तपासताना अक्षरं कशी पळायची, एकदा एका मुलीला चुकून नापास केलं आणि नंतर कबूल करायची हिंमत झाली नाही. "ते अजून कबूल केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या मुलीचा पत्ता शोधतेय."

मिस्त्रींचं काळीज जोरात धडधडलेलं मला मानेतून लागलं. त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात माझा सेल संपला.

पुढचं मी नंतर पोस्टमनच्या तोंडून ऐकलं, त्यांनी ते मिस्त्रींच्या बायकोला दारात उभं राहून सांगितलं तेव्हा. माझ्याविना मिस्त्रींना स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. त्यामुळे ते बोलले ते कारखान्यातल्या आवाजात, घणाच्या वरचढ. "मशीन बंद पडलं नव्हतं! मी काढलं होतं! प्यायला होतो मी!" पुढच्या दालनात पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. आजूबाजूच्या दोन खिडक्या उघडल्या. "आमचा गट गुप्त आहे, असं आम्ही सांगत होतो," पोस्टमन म्हणाले, "तुमच्या यजमानांनी एका दिवसात त्याचा बोभाटा केला." आणि मग आवाज उतरवून, "पण असं बोलायला मला चार महिने लागले होते, वहिनी."

रविवारी सकाळी मिस्त्री नवा सेल घालून लंबूच्या घरी गेले. लंबू पट्टी बांधलेल्या हातानं बुटाची नाडी बांधायची खटपट करत होता. मिस्त्री वाकले, तर तो म्हणाला, "राहू दे, जमवतो. बस."

मिस्त्री बसले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. टाकीचा आडोसा, पिशवी, खिसा.

लंबूनं नाडी सोडली. "तीनदा ओरडलो मी."

"हो."

"आणि ते खिशात होतं."

"हो."

"आणि मी गाडीत तुलाच समजावत होतो!"

मिस्त्रींचा हात नकळत माझ्याकडे आला.

"हात खाली ठेव," लंबू उठत म्हणाला. त्याचा आवाज चढला. "कानाला हात लावायचा नाही. आता मी बोलणार आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द तुला ऐकू आला पाहिजे."

मी सगळं पोचवलं. एकही शब्द गाळला नाही, बारीक केला नाही. ते इथं सांगण्यासारखं नाही. मिस्त्री दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभे होते. शेवटी लंबूचा आवाज फाटला. तो म्हणाला, "निघ. पुन्हा येऊ नकोस."

मालकांनाही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मालकांनी त्यांना मशीनवरून कायमचं उतरवलं आणि गोदामात खिळे-स्क्रू द्यायला बसवलं. अठ्ठावीस वर्षांच्या मिस्त्रींना ते झोंबलं. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी टिक झालं. दार मिटलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता, आणि बायको शिलाई मशीनपाशी नुसतीच बसली होती. हे मी लपवणार नाही, कारण त्यांनीही लपवलं नाही. गुरुवारी त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. त्यानंतर आजवर नाही.

लंबू कामावर परतला, रंगखात्यात. दीड वर्ष दोघं एका छपराखाली वावरले. लंबू गोदामात यायचा, चिठ्ठी ठेवायचा, सामान घ्यायचा, जायचा. शब्द नाही. मिस्त्री चिठ्ठीवरचं बघून दोन स्क्रू जास्तच द्यायचे. लंबू ते मोजून परत ठेवायचा.

मी आता थकलोय. घामानं माझ्या तारा गंजल्या, बोलणं मधेच तुटतं, खरखर येते. कानवाल्या बाईंनी सांगितलंय, दुरुस्तीत अर्थ नाही. नवं मशीन सांगून ठेवलंय, ते उद्या येईल.

आज दुपारी मिस्त्री हात धुवायला नळावर गेले. शेजारच्या नळावर लंबू होता. नळ धो धो चालू. लंबू मान वर न करता काहीतरी बोलला. मला निम्मं आलं, तेही पाण्याच्या आवाजात बुडालेलं.

"काय?" मिस्त्रींनी विचारलं.

लंबूनं नळ बंद केला. रंगानं माखलेला पंजा विजारीला पुसला.

"गुरुवारी जातोस का अजून?"

सगळा जोर एकवटून मी ते वाक्य पोचवलं. खरखर न करता.

"जातो," मिस्त्री म्हणाले.

"जा," लंबू म्हणाला, आणि निघून गेला.

मिस्त्री कितीतरी वेळ कोरड्या नळापाशी उभे होते.

उद्या माझ्या जागी येणाऱ्या दोस्ता, तू माझ्याहून हुशार असशील, पंख्यातूनही शब्द वेगळे करशील. माझी एवढीच विनवणी आहे. या माणसाला ऐकायची सवय अजून नवी आहे. कडू बोलणं आलं तरी गोड करून पोचवू नकोस. आणि कुणी फार हळू, फार थोडं बोललं, तर कान देऊन ऐक. लंबू आता हळूच बोलेल.